सफरीचे सोबती : मेहुणपुऱ्यातले नाना

हजरत उमर (रजि.) यांच्यासमोर एका माणसाने दुसऱ्याबद्दल ग्वाही दिली, की हा चांगला माणूस आहे, मी याला ओळखतो. हजरत उमर यांनी विचारले, तू त्याच्या शेजारी राहिलास का? तो म्हणाला, नाही. पैशाचा व्यवहार केलास का? नाही. मग त्याच्याबरोबर कधी सफर केलीस का? तीही नाही. तेव्हा हजरत उमर म्हणाले, तर मग तू त्याला ओळखत नाहीस, मशिदीत उठता-बसता पाहिले असशील इतकेच. ही रिवायत आमच्या बहुतेक वाचकांनी ऐकली असेल. अरबी जाणणारे असेही सांगतात, की ‘सफर’ या शब्दाच्या मुळाशी उघड करणे, पडदा सारणे असा अर्थ आहे. प्रवासात माणूस उघडा पडतो म्हणून ती सफर.

या सदरातून आम्ही आजवर पुष्कळ गावे तुमच्यासमोर आणली. त्यावर साताऱ्याच्या एका वाचक भगिनीने विचारले आहे, की तुम्ही एवढे फिरलात ते कोणाबरोबर? प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर द्यायला आम्हाला पुण्याच्या शनिवार पेठेत, मेहुणपुऱ्यातल्या एका वाड्यात जावे लागेल. तो वाडा आता नाही. त्यातले नानाही आता नाहीत. त्यांचे पूर्ण नाव आम्ही लिहीत नाही, कारण ते असते तर त्यांना आवडले नसते.

१९६५ साली आम्ही गावाहून पुण्यात आलो आणि पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर म्हणून लागलो. वय वीस. दोन ट्रेडल मशिने, शिशाच्या खिळ्यांच्या केसेस आणि खिडकीतून येईल तेवढा उजेड. नाना सरकारी कचेरीत कारकून. कचेरी सुटली की भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन बसायचे. मंडळात त्या वेळी ग. ह. खरे यांच्यासारखे फार्सीचे जाणकार होते. त्यांच्या छायेत नानांनीही स्वतःच्या हौसेने फार्सी शिकायला घेतली होती. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचा १९२५ सालचा ‘फार्शी-मराठी कोश’ त्यांच्या पिशवीत कायम असे. एकदा ते कुठल्याशा लेखाचे प्रूफ घेऊन छापखान्यात आले. सोबत एका शिलालेखाचा ठसा होता. दगडावर ओला कागद बसवून, ब्रशने ठोकून असा ठसा घेतात. तो पाठीमागून उलटा दिसतो. टेबलावर तो पालथाच पडला होता आणि आम्ही जाता जाता त्यावरची दोन नावे वाचली. नाना बघतच राहिले.

यात आमची काही करामत नव्हती. लहानपणी गावच्या मदरशात नाजिरा कुराण झाले होते, पुढे उर्दूची दोन पुस्तके झाली होती. अक्षर दिसले की तोंडाला येत होते, फार्सीचा अर्थ मात्र कळत नव्हता. आणि उलटे वाचणे हा तर कंपोझिटरचा धंदाच, खिळा उलटाच असतो. नानांचे नेमके याच्या विरुद्ध होते. अर्थ सगळा कळायचा, पण दगडावर नुक्ते नसले, अक्षरे एकमेकांत गुंतली, की त्यांची गाडी अडायची. ते म्हणाले, ‘‘भाई, तुम्ही डोळे व्हा, मी कोश होतो.’’ तेव्हापासून सुमारे तीस वर्षे आमची अशी जोडी राहिली.

आधी शेजाराचे सांगतो. आम्हाला पेठेत खोली हवी होती. एका घरमालकांनी भाडे, अनामत, नळाची वेळ सगळे सांगितले आणि शेवटी नाव विचारले. नाव ऐकल्यावर त्यांना आठवले, की खोली कालच दुसऱ्या कोणाला दिली आहे. असे तीन ठिकाणी झाले. नाना स्वतः भाडेकरू, पण त्यांनी आपल्या वाड्याच्या मालकांकडे जाऊन जिन्याखालची खोली आम्हाला मिळवून दिली. काय बोलले ते त्यांनी कधी सांगितले नाही.

नानांची आई, माई, सत्तरीच्या घरातली. सोवळे कडक. आम्हाला चहा मिळायचा तो वेगळ्या कपात, आणि तो कप बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला असायचा. आम्हाला ते माहीत होते, नानांना माहीत होते, आणि आम्हाला माहीत आहे हे माईंनाही माहीत होते. १९६९ साली रमजानचा चांद अगदी दिवाळी सरता सरता दिसला. माई कार्तिकस्नानाला पहाटे ओंकारेश्वराच्या घाटावर जायच्या. पहिल्याच रोजाला आमची सहेरी झोपेत चुकली आणि संध्याकाळी आमचे तोंड बघून त्यांनी नानांकडून कारण काढून घेतले. दुसऱ्या दिवसापासून त्या उठल्या, की मधल्या भिंतीवर काठी ठोकायच्या. आम्ही आतून भिंतीवर थाप मारीपर्यंत ठोकणे चालू राहायचे. कार्तिकी पौर्णिमेला त्यांचे स्नान संपले, पण रोजे अजून निम्मे बाकी होते. काठी ईदच्या चांदापर्यंत वाजली. कप मात्र कोनाड्यातच राहिला. लोक आम्हाला विचारतात, यातल्या खऱ्या माई कोणत्या? आम्ही त्या भिंतीच्या अलीकडे राहिलेलो माणूस, आम्हाला दोन्ही खऱ्या वाटतात.

वाड्याच्या भिंतीवर माणसाच्या डोक्याच्याही वर एक मातकट रेघ होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही फुटले, आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले, त्या दिवसाची ती खूण. नानांची तोपर्यंतची सगळी टिपणे आणि अर्धी पुस्तके त्यात गेली. माणसे वाचली, म्हणून त्यांनी त्याचे दुःख कधी मोठ्याने केले नाही. पण तेव्हापासून त्यांनी दोन नियम केले. कागद माळ्यावर पत्र्याच्या पेटीत ठेवायचे आणि कोणतीही गोष्ट एका प्रतीत लिहायची नाही. फुलस्केप कागद दोन, मध्ये कार्बन. वरची प्रत त्यांची, कार्बनची प्रत आमच्याकडे अमानत. फार्सी मजकूर आम्ही उतरवायचा, खाली अर्थ, साल, जागा आणि प्रवासाचा खर्च नानांनी लिहायचा. पुरेसे कागद जमले, की आम्ही ते दोऱ्याने शिवून वही करायचो.

व्यवहाराचे एकच सांगतो. १९७१ साली अब्बांच्या ऑपरेशनला आठशे रुपये कमी पडले. नानांनी काढून दिले आणि लगेच कागद पुढे केला, लिहून द्या, दोन साक्षीदार हवेत. आम्हाला जरा लागले. तर म्हणाले, ‘‘अहो, तुमच्याच किताबात सांगितले आहे ना, मुदतीचे देणे-घेणे लिहून ठेवा म्हणून? मी मराठी तर्जुमा वाचला आहे.’’ सूरह बकराची ती आयत आम्हाला पाठ होती, अर्थ नानांनी पाळायला लावला. पन्नास रुपयांचे सोळा हप्ते झाले. शेवटच्या हप्त्याला त्यांनी तो कागद आमच्या हातात देऊन आमच्याकडूनच फाडून घेतला.

आता सफर. विजापूरला आम्ही गेलो १९७२ च्या डिसेंबरात. दुष्काळाचे वर्ष. पुण्याहून सोलापूर आणि तिथून मीटर गेजची लहान गाडी. रुळांच्या दोन्ही बाजूंना करपलेली राने आणि दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसे, बाया, पोरे. वहिनींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. एका स्टेशनवर गाडी थांबली, तेव्हा खिडकीशी चार-पाच पोरे आली. नानांनी सबंध डबा खाली दिला आणि मग विजापूरपर्यंत आमच्याशी गोल घुमटाच्या व्यासाबद्दल बोलत राहिले, आतून सुमारे १२४ फूट, वगैरे. त्यांना गहिवर आला, की ते आकडे बोलायचे. ही त्यांची खोड आम्हाला त्या प्रवासात कळली.

गोल घुमटात लोक वर चढतात, ओरडतात, प्रतिध्वनी मोजतात. आम्ही दिवसभर दक्षिणेच्या दाराशी होतो. त्या दारावर मुहम्मद आदिलशाहच्या मृत्यूचे साल शब्दांत लपवले आहे. अब्जदच्या हिशेबात प्रत्येक अक्षराला किंमत असते, अलिफला एक, बे ला दोन, असे करीत हजारापर्यंत. दारावर लिहिले आहे ‘आकबत मुहम्मद महमूद शुद’, म्हणजे मुहम्मदचा शेवट गोड झाला. आम्ही एकेक अक्षर सांगत गेलो आणि नाना रुमाल पसरून, पायरीवर बसून बेरीज मांडत गेले. आकबत ५७३, मुहम्मद ९२, महमूद ९८, शुद ३०४. एकूण १०६७. हिजरी १०६७, म्हणजे इसवी १६५६. मुहम्मद आदिलशाह त्याच साली वारला. हे आधी पुस्तकांत छापलेले होते, आम्ही काही नवीन शोधले नाही. पण स्वतः मोजून आकडा जुळला तेव्हा नानांनी एवढ्या जोरात ‘‘जमले!’’ म्हटले, की वरच्या सज्जातली माणसे खाली वाकून बघू लागली.

जुम्याचा दिवस होता. आम्ही जामा मशिदीत नमाजला गेलो, नाना अंगणात हौदाजवळ आमच्या चपला आणि पिशव्या सांभाळत बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, खुतबा अरबी होता, मला सात शब्द कळले. पुण्याला परत आल्यावर त्यांनी ते सातही शब्द कोशात काढून पाहिले.

श्रीगोंद्याची सफर छोटी. जुने चांभारगोंदे. दौंडला गाडी बदलायची. तिथे संतकवी शेख महंमद यांचे ठिकाण आहे. ‘योगसंग्राम’ लिहिणारे, मालोजी भोसल्यांचे गुरू म्हणून सांगितले जाणारे. नाना वारकऱ्यांच्या घरातले, त्यांनी ओव्या लहानपणी ऐकलेल्या. तिथून निघाल्यावर दौंडपर्यंत आमचा वाद झाला, की शेख महंमदांना कोणत्या रांगेत बसवायचे. नाना आपला हक्क सोडेनात, आम्ही आमचा. दौंडला भजी मागवली आणि वाद तसाच राहिला. पुढे पंधरा वर्षे कधी ना कधी तो निघत असे.

नानांच्या डोक्यात पुण्याचाही एक वेगळाच नकाशा होता. शनिवार पेठेतून चालताना ते म्हणायचे, भाई, मुर्तजाबादेत आहोत आपण. पेठेचे जुने नाव तेच. अप्पा बळवंत चौक ओलांडून बुधवारात शिरलो, की म्हणायचे, मुहियाबाद आले. पेशवा हा शब्द फार्सी, चिटणीसातला ‘नीस’ फार्सी, आणि शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातला दरवाजाही. पेठेतल्या काही लोकांना हे ऐकवत नसे आणि आमच्या मोमीनपुऱ्यातल्या काही लोकांना ते गरजेपेक्षा जास्त आवडे. नाना दोघांनाही सारखेच कंटाळत. त्यांना शब्द आवडायचे, शब्दांवरून भांडणारे नाही.

१९७३ साली आमचा निकाह झाला आणि आम्ही गंज पेठेकडे राहायला गेलो. सफरी चालू राहिल्या. जुन्नर, चौल, अहमदनगर. त्यांच्याबद्दल पुन्हा कधी.

खुलदाबादेबद्दल मात्र आज लिहायलाच हवे. बेत १९९२ च्या डिसेंबरअखेरचा ठरला होता. आझाद बिलग्रामी यांची कबर नानांना पाहायची होती. अठराव्या शतकातले हे अरबी-फार्सीचे विद्वान कवी दख्खनमध्ये राहिले आणि खुलदाबादच्या मातीत गेले. आणि मग ६ डिसेंबर आला. काय झाले, ते इथे सांगायची गरज नाही. मुलांची अम्मी म्हणाली, या दिवसांत कबरी बघायला जायचे काही कारण आहे का? नानांच्या मुलांनीही त्यांना अडवले. नाना सहासष्ट वर्षांचे. एका संध्याकाळी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, ‘‘तिकिटे काढली आहेत. तुम्ही नाही म्हणालात तर परत करीन. पण मला वाटते, जावे.’’ आम्ही गेलो.

एसटी शिक्रापूरला थांबली तेव्हा सात-आठ तरुण चढले. त्यांतला एक आमच्या पुढच्या बाकावर बसला आणि मान वळवून अगदी अदबीने विचारू लागला, काका कुठले, कुठे निघालात. नानांनी आडनाव सांगितले, देवगिरीला निघालो म्हणाले. ‘‘आणि हे?’’ नाना क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘हे आमचे धाकटे बंधू.’’ मग तासभर ते तरुण जे बोलायचे ते बोलले. आम्ही खिडकीतून बाहेर बघत होतो. मधे एकदा त्यांनी आम्हालाही शेंगा दिल्या.

ते शिरूरला उतरले. गाडी घोडनदीच्या पुलावर आली, तेव्हा आम्ही म्हणालो, ‘‘नाना, आमचे नाव आमच्या अब्बांनी ठेवलेले आहे. पुढच्या वेळी कोणी विचारले तर तेच सांगा.’’

‘‘भाई, दिवस कसे आहेत ते बघता ना?’’

‘‘बघतो. म्हणूनच म्हणतो.’’

नगरपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. स्टँडवर चहा घेतला तोही अर्धा टाकला. त्यांनी जे केले ते भीतीपोटी केले आणि ती भीती स्वतःसाठी नव्हती, हे आम्हाला तेव्हाही कळत होते. त्यांनी दुसरे काही सांगितले असते आणि त्या पोरांचे डोके फिरले असते, तर आज हे लिहायला आम्ही कदाचित नसतो. तरीही जीव वाचवताना नाव काढून घेतले, की माणसाकडे काय उरते, हा प्रश्न आमच्या छातीत शिरूरपासून होता, आणि मित्राजवळ तो बोलायचा नाही तर कोणाजवळ?

खुलदाबाद ओस होते. चौकात पोलिसांची गाडी उभी होती, दुकाने अर्धी उघडी. औरंगजेबाची कबर उघड्यावर, वर छत नाही, मातीत सब्जाचे रोप. मलिक अंबर तिथून जवळच. त्याच मलिक अंबरने वसवलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले. दर्ग्यातल्या एका बुजुर्गांनी आम्हाला काही न विचारता चटई टाकून दिली आणि दुपारचे जेवण दिले. नानांसाठी मुद्दाम साधे वरण-भात केले. आझाद बिलग्रामींच्या कबरीपाशी नाना बराच वेळ बसले. काही लिहिले नाही. असे प्रथमच झाले.

परतताना नेवासा फाट्यावर गाडी थांबली. टपरीवाल्याने सहज विचारावे तसे विचारले, कुठून आलात मंडळी? नाना उठून उभे राहिले. आधी आमचे नाव सांगितले, मग आमच्या वडिलांचे नाव, मग गाव, तालुका, जिल्हा. तेही सगळ्या टपरीला ऐकू जाईल अशा आवाजात. त्यानंतर स्वतःचे. आजूबाजूची सात-आठ माणसे चहा प्यायची थांबली. टपरीवाला म्हणाला, ‘‘बरं. साखर कमी टाकू का बरोबर?’’

नाना २००४ साली गेले. वैकुंठात आम्ही होतो. वाडा २००९ साली पाडला, आता तिथे पाच मजली इमारत आहे आणि खाली मोबाईलचे दुकान. वाडा रिकामा करताना माळ्यावरच्या पेट्या उघडल्या, तर आतल्या कागदांचा वाळवीने भुगा केलेला. पाण्याला भिऊन त्यांनी ते उंचावर ठेवले होते, वाळवी वाशातून उतरली. कार्बनची प्रत आमच्याकडे होती, अकरा वह्या. नानांच्या मुलांना आम्ही निरोप दिला. मुले परदेशात, त्यांनी फोनवर सांगितले, तुमच्याकडेच राहू द्या. अमानत होती ती राहिली.

यंदा रमजानच्या आधी नानांची नात आली. पुण्यातच असते, फार्सी शिकते आहे, का ते तिलाही नीट सांगता येत नाही. तिला वह्यांचे फोटो काढायचे होते. आमच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले, तरी कार्बनचे निळे अक्षर आता आम्हाला दिसत नाही, म्हणून ती मोठ्याने वाचते आणि आम्ही उच्चार सांगतो. चार बैठकांत विजापूर संपले. गेल्या आठवड्यात खुलदाबाद आले. तिथे शिलालेख नाहीतच, फक्त खर्च आहे. एसटी, जेवण निरंक, चटईसाठी दर्ग्यात ठेवलेले पाच रुपये, नेवासा फाटा चहा दोन. आणि सर्वांत वर, जिथे इतर वह्यांत नुसते ‘सोबत : भाई’ असते, तिथे नानांनी आमचे पूर्ण नाव लिहिले आहे, अब्बांच्या नावासह, गाव, तालुका, जिल्हा.

मुलीने ते वाचले आणि विचारले, ‘‘आजोबा, हे गाव नक्की कुठे आले?’’

कोरेगावच्या पुढे, आम्ही सांगितले. एसटी जाते.